दीड लाखाची बंदूक

आमच्या आबांकडे एक बंदूक होती, आणि ती त्यांना कशी मिळाली याच्या घरात दोन गोष्टी होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे की निजामाच्या राज्यात जंगलाचा एक साहेब शिकारीला यायचा, आबा त्याच्यासाठी रान उठवायचे, आणि बदली होऊन जाताना त्यानं खूश होऊन ती आबांना दिली. काका म्हणायचे, खूश-बिश काही न्हाई. साहेबानं तीन वर्षं आबांची बैलगाडी फुकट वापरली, भाडं मागितलं तर बंदूक गळ्यात मारली आणि हैदराबादला निघून गेला. दोघंही हे हसत सांगायचे. तेव्हा दोघं भाऊ एका ताटात जेवत होते.

हिंगोली भागातल्या गोरेगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात परवान्याची बंदूक असलेलं घर आमचं एकच. ती ठासणीची नव्हती. चापाखाली लोखंडाची लांबट कडी होती. ती खाली ओढून परत वर घेतली की पोटातलं काडतूस आपोआप सरकून नळीच्या तोंडाशी बसायचं. त्या वेळी खट्-खटाक असा दुहेरी आवाज यायचा. गावात तिला 'कडीची बंदूक' म्हणत. नळीवर इंग्रजीत बारीक अक्षरं कोरलेली होती. मी पाचवीत इंग्रजी शिकायला लागले तेव्हा अण्णांनी ती मला वाचायला बसवलं. मला सगळं वाचता आलं नाही, पण शेवटचा शब्द अमेरिका असा लागला. अण्णांनी तो पुढचा आठवडाभर गावाला ऐकवला.

अण्णा तसे बोलणारे नव्हते. बोलताना जीभ अडखळायची, म्हणून चार माणसांत ते मागच्या बाजूला उभे राहायचे. पण मक्यात रानडुकरं शिरली, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, आले की लोक आमच्या दारात यायचे. "अण्णा, तेवढं येता का?" मग अण्णा खांद्याला बंदूक लावून निघायचे. तेवढं अंतर ते सगळ्यांच्या पुढं चालायचे. हवेत एखादा बार काढायचे आणि परत यायचे. त्यांनी कधी काही मारलं असेल असं मला वाटत नाही. काडतुसं आबांच्या वेळची, पत्र्याच्या डब्यात ठेवलेली, मोजकी. ती संपली तेव्हा मी आठवीत होते. नवीन मिळाली नाहीत, आणि त्यानंतर अण्णा रिकामी बंदूक घेऊन जायचे, कडी दोनदा ओढायचे, ओरडायचे. डुकरं पळायची. बंदूक रिकामी आहे हे गावाला माहीत होतं, पण कोणी बोलून दाखवत नव्हतं.

आबा गेले आणि वर्षभरात काकांनी वाटणी मागितली. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. काकूचं आणि मायचं चुलीवरून जमत नव्हतं, काकांची मुलं मोठी होत होती. अण्णा म्हणाले, ठीक आहे. मारुतीच्या देवळासमोर पंच बसले. हे चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराचं असेल. मी दहावीत होते आणि मायसोबत ओट्याच्या कोपऱ्यावर उभी राहून ऐकत होते. रान सरळ निम्मं झालं. बैल झाले, गायी झाल्या, घराच्या मधून भिंत घालायचं ठरलं. विहीर दोघांत, पाळीपाळीनं पाणी. दुपारपर्यंत सगळं गोडीत उरकलं. मग काका म्हणाले, "अन् बंदूक?"

परवाना आबांच्या मागं अण्णांच्या नावावर झाला होता. काकांचं म्हणणं, कागद नावावर असला तरी वस्तू बापाची आहे. ती कापून तर वाटता येत न्हाई, मग किंमत धरा आणि भाऊ मला निम्मे देतील. त्यांना हिंगोलीच्या कोर्टात कोणीतरी सांगितलं होतं की अशा जुन्या विलायती बंदुकीला दोन लाख येतात.

"दोन लाख?" एक पंच हसले. "त्या गंजक्या नळीला?"

शेवटी शेजारच्या गावातून एका माजी फौजीला बोलावणं गेलं. हवालदार होऊन निवृत्त झालेले, ताठ, मिशा पिळलेल्या. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली. आबांच्या हातात जशी होती तशीच ती होती तेव्हा: काळपट निळी, ठिकठिकाणी तपकिरी डाग, लाकडाला हाताचा मळ बसून आलेली चिकट चमक. आबा तिला सणासुदीला तेलाचा बोळा फिरवायचे, बस. हवालदारांनी कडी ओढली, नळीतून आभाळाकडं पाहिलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ही आता मिळत न्हाई," ते म्हणाले. "जी वस्तू मिळत न्हाई तिची किंमत म्या काय सांगू? पर लाखाच्या खाली म्हणलो तर पाप लागंल मला."

पंचांनी लाख धरला. म्हणजे अण्णांनी काकांना पन्नास हजार द्यायचे. पन्नास हजार आमच्याकडे कुठले? मग पंचांनीच तोड सुचवली. अण्णांच्या वाट्याला आलेल्यातला विहिरीला लागून असलेला तुकडा, एक एकराला थोडा कमी, त्यात हळद व्हायची, तो काकांना द्यावा आणि बंदूक अण्णांनी ठेवावी. नाहीतर उलट. बंदूक काकांना, आणि काकांचा तितकाच तुकडा अण्णांना.

सगळे अण्णांकडे बघत होते. माय माझा दंड धरून उभी होती. बायांनी तिथं बोलायचं नव्हतं, तरी ती बोलली. "रान घ्या. लोखंड काय खायचंय?"

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलले, शब्द अडला, परत हलले. "बं... बंदूक," ते म्हणाले.

त्यांनी असं का केलं हे मी पुढं खूपदा त्यांना विचारणार होते, आणि एकदाही विचारलं नाही. मला वाटतं, मला माहीत होतं. ती गेली असती तर त्यांना कोणी बोलवायला आलं नसतं.

गाव मात्र हसलं. हळदीचं रान देऊन गंजकी बंदूक घेतली, हे पुढची दोन-तीन वर्षं पारावर चालत राहिलं. पोळ्याला बैल मिरवताना कोणीतरी ओरडलं, "अण्णा, बंदुकीला पण झूल घाला!" अण्णा त्या दिवशी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीला गेले. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणले, जाड, मध्यम, बारीक. रॉकेल होतंच. मला म्हणाले, "तुझा हात बराबर चालतो. हे डाग काढू."

मी अंगणात पोतं अंथरून बसायचे. अण्णा बंदूक मांडीवर आडवी धरायचे आणि मी घासायचे. रॉकेलमध्ये कागद बुडवायचा, घासायचं, चिंधीनं पुसायचं, परत घासायचं. चिंधीवर काळं यायचं, मग तपकिरी, मग करडं. पहिल्या दिवशी एक वीतभर जागा पांढरी झाली आणि अण्णा ती उन्हात धरून हसले. किती दिवसांनी हसले होते. मला फार बरं वाटलं. दर रविवारी आम्ही ते करायचो. मी बारावी झाले, डी.एड.ला गेले, सुट्टीत घरी आले की आधी बंदूक निघायची. लाकूडही खरवडून काढलं आणि त्याला दुकानातलं वॉर्निश मारलं. दोन-तीन वर्षांत ती स्टीलच्या ताटासारखी लखलखायला लागली. दसऱ्याला पूजेत मांडली की लोक बघायला यायचे. पारावरचं हसणं कमी झालं. नळीवरची अक्षरं फिकी होत होती ते मला दिसत होतं. घासणारी मीच होते, मला दिसणारच. पण ती अक्षरं वाचायला आमच्याकडे कोण येणार होतं?

निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. एका निवडणुकीला ठाण्यातल्या जमादारांनी भिंग लावून नंबर शोधला आणि म्हणाले, "पहिले दोन आकडे दिसून राहिलेत, बाकी कुठं गेले?" अण्णांना नंबर पाठ होता. तो म्हणताना त्यांची जीभ अडखळायची नाही. त्यांनी घडाघडा सांगितला, जमादारांनी परवान्याशी ताडून लिहून घेतला.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास काकांनी गाव सोडायचं ठरवलं. मुलं हिंगोलीत राहत होती, मोंढ्यात आडतीवर कामाला होती. त्यांनी आपलं रान विकायला काढलं, त्यात तो हळदीचा तुकडाही आला. गोरेगावच्या एका दुकानदारानं इसार दिला. आणि काका स्वतः आमच्या दारात आले. मधली भिंत घालून बरीच वर्षं झाली होती, येणंजाणं सणापुरतं राहिलं होतं. मी तेव्हा नोकरीला लागले होते, सुट्टीला घरी होते. काका ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, तो इहिरीचा तुकडा तुमचा. तुमी घेत असाल तर इसार परत करतो म्या. लाख द्या. भाव जास्त हाय, पर बाकी सोडलं."

"लाख..." अण्णा म्हणाले.

"बंदूक विका की. वाटणीत लाख धरली व्हती, आता तर दीड व्हईल. दिवाळीपोतर थांबतो."

काका गेल्यावर अण्णा बराच वेळ मोकळ्या अंगणात फेऱ्या मारत होते. मायचं म्हणणं एवढंच, "आता तरी." रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "येशील का संगट? इंग्रजी बोलायची पाळी आली तर?"

परवाना महाराष्ट्रभर चालायचा. आम्ही बंदूक सतरंजीत गुंडाळली, वरून पोत्याची शिवण घातली. जीपनं हिंगोली, तिथून एसटीनं नांदेड. बंदुकांच्या दुकानात काउंटरमागं एक तरुण माणूस होता. त्यानं सतरंजी सोडवली, बंदूक हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"किती अपेक्षा आहे, बाबा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

"ह्या बोअरचं, ह्या नळीच्या मापाचं, काडतूस येत नाही. येत नाही म्हणजे कुठंच येत नाही. घेणारा परवानावालाच पाहिजे, आणि परवानावाला चालणारी बंदूक घेतो. भिंतीला लावायला कोणी घेतली तर तीन हजार."

अण्णांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिथल्या तिथं सतरंजी गुंडाळायला घेतली. दोरीची गाठ दोनदा सुटली. दुकानदार वाईट माणूस नव्हता. तो बाहेर येऊन म्हणाला, "मी धंदेवाला आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका. औरंगाबादला एक म्हातारे मिस्त्री आहेत. जुन्या बंदुकांचं त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. विकत घेत नाहीत, फक्त सांगतात." त्यानं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

गाडीत अण्णा म्हणाले, "चोर हाय तो. पाडून मागून राहिला." मलाही तसंच वाटलं. म्हणजे, मला तसं वाटायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, आम्ही औरंगाबादला गेलो. जुन्या शहरातली गल्ली, खाली सायकलचं दुकान, वर एक खोली. मिस्त्री ऐंशीच्या घरातले असतील. पांढरी दाढी, जाड चष्मा, बोटं मात्र तरण्या माणसासारखी स्थिर. त्यांच्या सूनबाईंनी आम्हाला पाणी दिलं. अण्णांनी सतरंजी सोडली आणि बंदूक त्यांच्यासमोर चटईवर ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती त्या उन्हात झळझळली.

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले.

अण्णांना ते कौतुक वाटलं. ते थोडे ताठ बसले.

मिस्त्रींनी भिंग घेतलं. नळीवर जिथं अक्षरं होती तिथं बोट ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले. मग कडी ओढली, आवाज ऐकला, मान हलवली. "चाल चांगली आहे," ते म्हणाले. ते आमच्याशी मराठी बोलत होते, मधूनच हिंदीवर जायचे. मग त्यांनी बारीक पाना घेतला आणि दस्त्याच्या, खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, टोकाची लोखंडी पट्टी काढली. पट्टीची आतली बाजू त्यांनी आमच्याकडे केली. "हे बघा."

आत, जिथं माझा कागद कधी पोचला नव्हता, तिथं लोखंड निळं होतं. मोराच्या मानेवर असतं तसं खोल निळं, कडेला जांभळं. मी तो रंग त्या बंदुकीवर कधी पाहिला नव्हता. आबांच्या वेळीसुद्धा वरून काळपटच दिसायची. पण तो तिथं होता, त्या डागांच्या आणि मळाच्या खाली.

"पूरी ऐसी थी," मिस्त्री म्हणाले. "शंभर वर्षांचा रंग. हा रंग आता कोणी चढवू शकत नाही. डाग होते?"

"व्हते," अण्णा म्हणाले. "गं... गंजली व्हती."

"डाग राहू द्यायचे असतात, साहब. डागाची किंमत असते. हे शौकीन लोक जे घेतात ते रंग घेतात, अक्षर घेतात, नंबर घेतात. लोखंड कोणी घेत नाही." त्यांनी बंदूक खाली ठेवली. "ये किसने किया?"

खाली सायकलच्या दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं. अण्णा बोलायला गेले आणि शब्द अडला. मी म्हटलं, "मी."

"म्या सांगितलं तिला," अण्णा म्हणाले. एकदम, न अडखळता.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बेटी, मेहनत बहुत की है."

मी विचारलं, घासली नसती तर किती आले असते? खरं तर मला विचारायचं नव्हतं, पण अण्णांना विचारता येणार नव्हतं आणि ते विचारायलाच आम्ही आलो होतो. मिस्त्रींनी थोडा विचार केला. दहा वर्षांपूर्वी जशी होती तशी आणली असती, तर आपल्या ओळखीतल्या परवानावाल्या शौकिनानं लाख-सव्वा लाख हसत दिले असते, म्हणाले. कदाचित दीड.

"अन् आता?"

"चार हजार. नांदेडवाल्यानं तीन सांगितले असतील तर त्याचंही चुकलं नाही."

म्हणजे हवालदार बरोबर होते. पंचही बरोबर होते. वाटणीच्या दिवशी मारुतीसमोर ती खरोखरच लाखाची होती, आणि अण्णांनी दिलेल्या रानाचा मोबदला पुरेपूर त्यांच्या मांडीवर होता. नंतर आम्ही दोघांनी मिळून तो रविवारी-रविवारी घासून काढला. माय म्हणाली होती तसं रान घेतलं असतं तरी चाललं असतं, आणि बंदूक घेऊन नुसती खुंटीला टांगून ठेवली असती तरी चाललं असतं.

मिस्त्रींनी पट्टी परत बसवून दिली, स्क्रू आवळले. पैसे घेतले नाहीत. जिन्यापर्यंत सोडायला आले.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले. परभणीला मी भजी घेतली, त्यांनी खाल्ली नाहीत. मी म्हटलं, "अण्णा, माझंच चुकलं." ते म्हणाले, "तुझं काय त्याच्यात." हिंगोलीला उतरलो. रात्र झाली म्हणून स्टँडवरच बाकावर बसून राहिलो, बंदूक दोघांच्या मध्ये, आणि पहाटेच्या जीपनं गोरेगाव गाठलं.

गोरेगावला जीप थांबते तिथं चहाचं हॉटेल आहे. काका तिथंच बसले होते. इसार दिलेला दुकानदार शेजारी, आणि आमच्या गावचे तिघं-चौघं. काका उठून पुढं आले. मला आजही त्यांचा तो चेहरा आठवतो. आशा होती त्याच्यावर, आमच्यासाठी होती.

"काय म्हणले, भाऊ?"

अण्णांनी गुंडाळी खांद्यावर नीट केली. "दीड लाखाला मागून राहिले," ते म्हणाले.

दुकानदारानं चहाची बशी खाली ठेवली.

"मंग? देऊन आलात?"

"न्हाई दिली."

"काहून?"

"बापाची वस्तू हाय."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मीही. मी तोंड उघडलं असतं तर त्या क्षणी सगळं वेगळं झालं असतं, चांगलं की वाईट ते मला माहीत नाही. मी उघडलं नाही. काका म्हणाले, "तुमच्यापायी इसार वापस करायला बसलो व्हतो म्या हितं. लोकाईच्या म्होरं." त्यांचा आवाज फुटला. "बराबर हाय. बापाची वस्तू तुमाला, भाऊ नको." आणि ते आत जाऊन दुकानदारासमोर बसले.

गावाच्या वाटेवर मी अण्णांना विचारलं, "काहून खोटं बोललात?"

ते चालत राहिले. ओढा ओलांडल्यावर म्हणाले, "चार हजार म्हणलो असतो तर काय झालं असतं? एक तर लाख सांगून रान घेणारा भाऊ चोर ठरला असता, न्हाईतर म्या येडा. चार माणसांत."

"आता काय ठरलं मग?"

तो तुकडा आठ दिवसांत दुकानदाराच्या नावावर झाला. विहिरीचं पाणी पुढं त्याच्याशी भांडून घ्यावं लागलं. काका हिंगोलीला गेले. ते अण्णांशी पुन्हा बोलले नाहीत, लग्नाकार्यात समोर आले तरी पाठ फिरवायचे. मायला मी खरं सांगितलं. ती रडली नाही की काही नाही, म्हणाली, "कोणाला सांगू नको." माझंही त्यानंतर घरी जाणं कमी झालं. गेले तरी अण्णा आणि मी एकमेकांसमोर बसायचं टाळायचो. पुढच्या निवडणुकीला त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि निवडणूक संपल्यावर आणायला गेले नाहीत. मी एकदा म्हटलं, आणायची का? "ऱ्हाऊ दे," म्हणाले. रानात डुकरं यायची, लोक फटाके लावायचे. आमच्या दारात कोणी येत नव्हतं.

दोन वर्षांनी अण्णा गेले. हृदयाचा झटका, शेतातच. काका तिसऱ्या दिवशी, राख सावडायला आले. दोन वर्षांत बारा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. सगळं उरकल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

"पोरी, एक इचारू? खरंच दीड लाखाला मागितली व्हती का?"

मला वाटलं, आता तरी. मी सगळं सांगितलं. मिस्त्री, पट्टीच्या आतला रंग, चार हजार, आणि अण्णांना ते रान किती हवं होतं ते. मला वाटलं होतं, हे ऐकून ते रडतील, आणि मीही रडेन, आणि निदान एवढं तरी होईल.

काका ऐकून घेत होते. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटत गेलं. "बाप मेल्यावर बापाला खोटं पाडून राहिली," ते म्हणाले. "कशापायी? आमी वाटा मागू म्हणून?"

"काका, देवाशप्पथ..."

"माझा भाऊ अडखळायचा. खोटं न्हाई बोलायचा."

त्यांच्या मुलानं वारस म्हणून परवान्याला अर्ज केला, तेव्हा मी आणि मायनं ना-हरकत लिहून दिली, एक शब्दही न काढता. मला वाटलं, ती त्यांच्या हातात जाईल, ते कोणाला तरी दाखवतील, त्यांना कळेल. पाठपुराव्याला वर्ष-दीड वर्ष गेलं आणि ठाण्यातून बंदूक चुलतभावाच्या हाती आली. त्यानं ती नांदेडला नेली, मग औरंगाबादला. मिस्त्री तोवर वारले होते. कोणीतरी दुसऱ्यानं सांगितलं, ही काही कामाची नाही, आणि नंबरही जुळवता येत नाही, कारण आकडे घासले गेलेत.

मग काकांच्या घरात कोडं सुटलं. खरी बंदूक आम्ही औरंगाबादलाच विकली. दीड लाख घेतले. तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी आणून घासून-पुसून ठेवली, नंबर मुद्दाम पुसला, आणि ती आता त्यांच्या गळ्यात मारली. म्हणून तर पोरगी पोस्टात एवढे पैसे ठेवते. म्हणून तर माय गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन करू शकली. गावातही हेच मानतात. मारुतीच्या पारावर बसणाऱ्यांना अण्णांनी पहिल्यांदाच काहीतरी हुशारीचं केलं असं वाटतं, आणि ते हे कौतुकानं सांगतात.

काका दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात गेले. मला कळवलं नाही.

त्यानंतर माझी बदली जवळा बाजार गावच्या शाळेवर झाली. काकूची लेक त्याच भागात दिली आहे, हे मला माहीत होतं, पण भेट कधी झाली नव्हती. एका बाजाराच्या दिवशी मी भाजी घेत होते, तर काकू समोर. हातात कापडी पिशवी, तोंडात दात राहिले नव्हते. मी वाकून पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. दोघी तशाच उभ्या राहिलो, लोक मधून जात होते. मायची विचारपूस केली त्यांनी. मग इकडंतिकडं पाहून माझ्या जवळ आल्या.

"किती आले, तेवढं तरी सांग पोरी," त्या म्हणाल्या. "मागणार न्हाई. आता कोण मागतंय? नुसतं कळू दे."

मी म्हटलं, "काकू, काहीच नाही आले."

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. थोडं हसल्या, जसं आपण शहाण्या लेकराकडं बघून हसतो. "बापावर गेलीस," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून जीपच्या बाजूला चालू लागल्या.